मेजर आर्मस्ट्राँग : एफएम रेडिओचा जनक आणि आपल्या घरावरची काठी

मृग लागला, ढग गडगडले, की आपल्या भागातला मिडियम वेव्हचा रेडिओ करकरायला लागतो. पेरणी आज करावी की चार दिवस दम धरावा हे ठरवायला हवामानाचा अंदाज नेमका त्याच दिवशी ऐकायचा असतो, आणि नेमका त्याच दिवशी निम्मे शब्द वीज खाऊन टाकते. शेतकरी बंधूंनो, ही करकर रेडिओतून काढून टाकण्यासाठी एका माणसाने आपले आयुष्य खर्ची घातले. मेजर एडविन हॉवर्ड आर्मस्ट्राँग हे त्यांचे नाव. आपण ज्याला एफएम म्हणतो ती पद्धत त्यांचीच. त्यांचे नाव घरोघरी पोचले नाही, काम मात्र पोचले.

त्यांची हकीकत आज सांगायला आणखी एक कारण आहे. घरात एफएम नीट ऐकू यावे म्हणून पैसा कशावर घालावा, असे पुष्कळजण विचारतात. दुकानात गेले की आधी चकचकीत सेट पुढे येतो. आर्मस्ट्राँग यांचे आयुष्य नीट बघितले तर उत्तर उलटे मिळते. आधी उंच काठी, मग अँटेना, मग वायर आणि शेवटी सेट. कसे ते बघा.

माळ्यावरचा पोरगा

एडविनचा जन्म १८ डिसेंबर १८९० चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील पुस्तक प्रकाशनाच्या धंद्यात, आई शिक्षिका. नवव्या वर्षाच्या सुमारास पोराला असा आजार झाला की अंगाला आपोआप झटके येत. दोन वर्षे शाळा सुटली, शिकवणी घरीच झाली. मान आणि खांदा झटकण्याची खोड जन्मभर राहिली. चारचौघांत न मिसळणारे हे पोर यंत्रांत रमले.

१९०२ साली कुटुंब हडसन नदीच्या काठी यॉन्कर्स गावात राहायला गेले. माळ्यावरची खोली एडविनच्या वाट्याला आली. मार्कोनीच्या बिनतारी संदेशाची गोष्ट वाचून त्याने ठरवून टाकले, आपणही संशोधकच व्हायचे. लांबचे बारीक संदेश पकडायचे तर तार उंच हवी, हे त्याला लवकर उमगले. म्हणून घराच्या आवारात त्याने १२५ फूट उंचीचा मनोरा स्वतःच्या हाताने उभा केला. दोरीला टांगलेल्या पाटावर बसून तो स्वतःच वर जाई. उंचीची भीती त्याला कधी वाटली नाही. सेट साधाच होता, पण कान लांबवर पोचत होता. पुढचे सगळे आयुष्य याच पायावर उभे राहिले.

कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना, १९१२ साली, त्याने पहिला मोठा शोध लावला. रेडिओच्या काचेच्या नळीतून वाढून बाहेर पडलेला सिग्नल त्याने पुन्हा तिच्याच तोंडी दिला. फिरून फिरून तो इतका वाढला की कानाला हेडफोन लावून जेमतेम ऐकू येणारे केंद्र आता खोलीभर ऐकू येऊ लागले. पेटंटला पैसे हवे होते, आणि वडील म्हणत होते आधी पदवी घे. तेव्हा ३१ जानेवारी १९१३ रोजी त्याने नकाशा काढून त्यावर नोटरीची सही घेऊन ठेवली. पेटंटचा अर्ज त्याच वर्षी ऑक्टोबरात गेला. कागद करायला झालेला हा उशीर पुढे किती महाग पडला, ते खाली येईलच.

पहिल्या महायुद्धात आर्मस्ट्राँग अमेरिकी सैन्याच्या संदेश विभागात अधिकारी म्हणून पॅरिसला गेले. तिथे १९१८ साली त्यांनी सुपरहेटरोडाइन पद्धत बसवली. नाव अवघड आहे, काम सोपे. हवेतून येणारी प्रत्येक केंद्राची लहर वेगळी. सेट तिला आधी एका ठरलेल्या लहरीत बदलतो आणि मग तीच एक नीट गाळून वाढवतो. एफएम सेटमध्ये ही ठरलेली लहर साधारणपणे १०.७ मेगाहर्ट्झची असते. तुमच्या घरातला रेडिओ उघडला तर आतली युक्ती याच माणसाची. युद्धातून परतताना ते मेजर झाले होते, आणि पुढे मेजर हेच नावापुढे चिकटले.

शोध विकून पैसा आला. आरसीए या बड्या रेडिओ कंपनीचे ते मोठे भागधारक झाले. कंपनीचे कर्तेधर्ते डेव्हिड सारनॉफ त्यांचे स्नेही. सारनॉफ यांच्याच कचेरीतल्या सेक्रेटरी मॅरियन मॅकइनिस यांच्याशी १ डिसेंबर १९२३ रोजी आर्मस्ट्राँग यांचे लग्न झाले. बायकोला भेट काय दिली असेल? उचलून नेता येणारा सुपरहेटरोडाइन रेडिओ, त्या जातीचा पहिला.

करकर गेली कशी

सारनॉफ यांची एक जुनी मागणी होती. रेडिओतली खरखर काढून टाकणारी एखादी डबी कुणी तरी बनवावी. आर्मस्ट्राँग वर्षानुवर्षे त्याच्याच मागे होते. शेवटी त्यांच्या ध्यानात आले की डबी जोडून भागणार नाही, रेडिओची रीतच बदलली पाहिजे.

मिडियम वेव्हमध्ये आवाज लहरीच्या उंचीवर लादलेला असतो. वीज कडाडली, मोटार सुरू झाली, कुंपणाचे झटका मशीन टकटकले, की तेही लहरीची उंचीच वरखाली करते. त्यातला निवेदक कोणता आणि वीज कोणती, हे रेडिओला कळत नाही. आर्मस्ट्राँग यांनी आवाज उंचीवर ठेवलाच नाही. लहर सेकंदाला किती हेलकावे घेते, त्या संख्येत त्यांनी तो ठेवला.

ढोलाचे उदाहरण घ्या. पलीकडच्या गावात ढोल वाजतो तेव्हा वाऱ्यासरशी त्याचा आवाज कमीजास्त होतो, पण ठेका बदलत नाही. निरोप ठेक्यात असेल तर वारा त्याचे काय बिघडवणार? एफएम सेटमध्ये लिमिटर नावाचा भाग असतो. तो लहरीचे कमीजास्त झालेले शेंडे छाटून टाकतो. त्या शेंड्यांबरोबर करकरही जाते. ठेका तेवढा उरतो.

ही कल्पना पूर्वी इतरांनीही तपासली होती. १९२२ साली कार्सन नावाच्या गणितज्ञाने हिशेब करून दाखवले होते की अशाने काही फायदा नाही. पण तो हिशेब अरुंद पट्ट्याचा होता. आर्मस्ट्राँग यांनी पट्टा रुंद केला. आज एफएम केंद्राची लहर आपल्या जागेपासून दोन्ही बाजूंना ७५ किलोहर्ट्झपर्यंत झुलते. २६ डिसेंबर १९३३ रोजी त्यांना या कामाची पेटंटे मिळाली.

आता इथे जरा थांबा, कारण आपल्या रानातल्या अडचणीचे मूळ इथेच आहे. इतका रुंद पट्टा मिडियम वेव्हमध्ये मावत नाही, त्यासाठी फार वरच्या लहरी घ्याव्या लागतात. त्या लहरी बव्हंशी नजरेसारख्या सरळ चालतात. डोंगर आला की अडतात, दाट झाडीत थकतात, आणि पृथ्वीच्या गोलाईपलीकडे फारशा पोचत नाहीत. शिवाय ठेका कळायला ढोल थोडा तरी ऐकू यावा लागतो. सिग्नल फारच बारीक असेल तर लिमिटरलाही काही छाटता येत नाही, आणि एफएम नुसते सूंऽऽ करते. म्हणून एफएममध्ये सेटपेक्षा काठी मोठी.

मनोऱ्यावरचे प्रयोग

आर्मस्ट्राँग यांना हे पक्के ठाऊक होते. १९३४ साली त्यांनी आपले यंत्र न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट इमारतीवर, म्हणजे त्या काळच्या जगातल्या सर्वांत उंच इमारतीवर चढवले. सुमारे ७० मैलांवर एका मित्राच्या घरी सेट ठेवला होता. मिडियम वेव्ह विजेच्या कडकडाटात बुडाली असतानाही एफएम स्वच्छ आले. ५ नोव्हेंबर १९३५ रोजी त्यांनी न्यूयॉर्कमध्ये इंजिनिअर मंडळींपुढे जाहीर प्रयोग केला. यॉन्कर्सहून प्रक्षेपण झाले. ग्लासात पाणी ओतल्याचा आणि कागद फाटल्याचा आवाजसुद्धा जसाच्या तसा ऐकू आला.

पण आरसीएचे लक्ष आता टेलिव्हिजनवर होते. त्याच वर्षी त्यांना एम्पायर स्टेटवरून यंत्र काढून घ्यायला सांगितले गेले. आर्मस्ट्राँग हटले नाहीत. हडसनच्या पलीकडच्या कड्यावर, अल्पाइन येथे, त्यांनी स्वतःच्या पैशाने ४०० फुटांहून उंच मनोरा बांधला. तीन लाख डॉलरच्या वर खर्च झाला. १९३९ मध्ये तिथून नियमित प्रक्षेपण सुरू झाले. हा मनोरा आजही उभा आहे. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कचे जुळे मनोरे पडले आणि त्यांवरच्या दूरदर्शन वाहिन्या बंद पडल्या, तेव्हा याच मनोऱ्याने काहींना आसरा दिला.

काठी आणि अँटेना

आता आपल्या घराकडे वळू. भारतात एफएम पहिल्यांदा २३ जुलै १९७७ रोजी मद्रासला सुरू झाले. आपल्याकडे आकाशवाणीचे चंद्रपूर केंद्र १०३ मेगाहर्ट्झवर लागते. केंद्राचा मनोरा १०० मीटर आणि तुमची अँटेना जमिनीपासून दीड मीटर धरली, तर सपाट मुलखात सरळ रेषेने साधारण ४६ किलोमीटरपर्यंत मजल जाते. तीच अँटेना नऊ मीटरवर, म्हणजे तीस फुटांवर नेली, तर ५३ किलोमीटर. आणि मजलीपेक्षाही मोठा फायदा जोराचा. उघड्या जागी उंची दुप्पट केली की सिग्नलही साधारण दुप्पट होतो. एवढे काम दुसरा महागडा सेट घेऊन होत नाही.

काठीसाठी लोखंडी पाइपच हवा असे नाही. आपला जिल्हा बांबूचा आहे. चांगला पक्व, सरळ बांबू घ्या, तीन बाजूंनी ताण द्या, बुंधा जमिनीत नीट गाडा. काठी झाडीच्या शेंड्यांच्या वर निघाली तर उत्तम. सागाची पाने गळतात तेव्हा उन्हाळ्यात केंद्र बरे लागते आणि पावसाळ्यात ओल्या पानांमागे तेच दबते, असा अनुभव आला तर समजा की अँटेना झाडीत बुडाली आहे.

साधी अँटेना घरी होते. ॲल्युमिनियमच्या दोन नळ्या, प्रत्येकी ६९ सेंटिमीटर, एका सरळ रेषेत, मध्ये बोटभर फट. ही लांबी १०३ मेगाहर्ट्झसाठी आहे. एका नळीला केबल टीव्हीच्या ७५ ओहम वायरचा मधला तार, दुसरीला जाळी. जोडावर पाणी शिरू देऊ नका, शिरले की वायर आतून सडते. केंद्र लांब असेल किंवा डोंगराचा पडसाद येऊन आवाज फाटत असेल, तर माशाच्या काट्यासारखी अनेक दांड्यांची, म्हणजे यागी अँटेना लावा. ती एकाच दिशेने ऐकते, म्हणून डोंगराकडून येणारी फसवी लहर टाळते. तिचे तोंड केंद्राकडे हवे. मूलवाल्यांनी पश्चिमेकडे, वरोऱ्याच्या लोकांनी आग्नेयेकडे, गोंडपिपरीच्या लोकांनी वायव्येकडे करून बघावे, आणि मग थोडे थोडे फिरवून आवाज सगळ्यांत स्वच्छ येईल तिथे आवळावे. दांड्या आधी आडव्या, मग उभ्या ठेवून बघा. घरावर पडून असलेली जुनी दूरदर्शनची अँटेना तशीच जोडू नका. तिचे माप वेगळे असते. नळ्या मात्र कापून उपयोगी पडतात.

बूस्टर शेवटी. जो सिग्नल अँटेनात आलाच नाही तो बूस्टर कुठून आणणार? तो करकरही वाढवतो.

दोन गोष्टींत हयगय नको. विजेच्या तारेपासून काठी इतकी लांब हवी की उन्मळून पडली तरी तारेला लागणार नाही. आणि काठीला जमिनीत अर्थिंग द्या, ढग भरून आले की अँटेनाची वायर सेटमधून काढून घराबाहेर ठेवा. डोक्यावर गडगडाट सुरू झाल्यावर वायर काढायला जाऊ नका, आधीच काढा.

लहरींचा पट्टा आणि सेटची निवड

१९४१ अखेर अमेरिकेत सुमारे चाळीस एफएम केंद्रे चालू होती आणि लाखो सेट विकले गेले होते. तेव्हा एफएमचा पट्टा ४२ ते ५० मेगाहर्ट्झ होता. दुसऱ्या महायुद्धात आर्मस्ट्राँग यांनी आपली पेटंटे सैन्याला फुकट वापरू दिली. पण १९४५ साली तिथल्या सरकारी आयोगाने एफएमला उचलून ८८ ते १०८ वर नेऊन ठेवले. एका फटक्यात लोकांच्या घरातले सगळे जुने सेट निकामी झाले.

यातून आपण घ्यायचे ते असे, की सेटचा पट्टा आधी वाचा. ट्यूनर, म्हणजे स्वतःचा स्पीकर नसलेला आणि ॲम्प्लिफायरला जोडायचा रेडिओ, जुन्या बाजारात स्वस्तात मिळतो. जपानी बाजारासाठी बनलेल्या पुष्कळ जुन्या ट्यूनरांत पट्टा ७६ ते ९० चा असतो, त्यावर १०३ लागणारच नाही. अमेरिकेसाठी बनलेले आकडेवाले काही ट्यूनर १०२.९ वरून थेट १०३.१ वर उडी मारतात. मधले आपले केंद्र चुकते. मागच्या बाजूला तसा खटका आहे का बघा, नसेल तर सोडून द्या. काटा फिरवायच्या जुन्या ट्यूनरला ही अडचण नाही.

मग बघायच्या चार गोष्टी. बाहेरची अँटेना जोडायला खाच हवीच. नसेल तर बाकी सगळे व्यर्थ. स्टिरिओ-मोनो असे बटण हवे. लांबच्या केंद्राला स्टिरिओत सूंऽऽ येते ते मोनो केल्यावर बरेच बसते, आणि शेतीच्या सल्ल्याला मोनो पुरते. पुस्तिकेत सेन्सिटिव्हिटी आणि कॅप्चर रेशोचा आकडा जितका लहान तितका चांगला, सिलेक्टिव्हिटीचा जितका मोठा तितका चांगला. सिग्नलचा काटा किंवा दिवे असतील तर अँटेना फिरवताना मदत होते. ट्यूनर घ्यायचा नसेल तर साधा रेडिओही चालतो, फक्त त्याला बाहेरच्या अँटेनाची सोय बघा. मोबाइलमधल्या एफएमची अँटेना म्हणजे इअरफोनची वायर, हे लक्षात असू द्या.

एटापल्ली, भामरागडकडच्या वाचकांनो, तुमच्यापर्यंत चंद्रपूरची एफएम लहर पोचेल अशी आशा कुणी दाखवली तर पैसे घालू नका. अंतर आणि डोंगर दोन्ही आडवे आहेत. २८ एप्रिल २०२३ रोजी देशात एकाच दिवशी १०० वॅटचे ९१ छोटे एफएम ट्रान्समीटर सुरू झाले, त्यात आकांक्षित आणि सीमेवरच्या जिल्ह्यांवर भर होता. असा एखादा तुमच्या जवळ आहे का, ते आधी विचारा. तो लागत असेल तर अँटेना त्याच्या आकड्यासाठी कापा. १४२.५ ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा. येईल ती पूर्ण लांबी मीटरमध्ये, तिची निम्मी एकेक नळी.

कोर्टाची पायरी

आर्मस्ट्राँग यांच्या आयुष्याचा शेवट गोड नाही. पहिल्या शोधावर ली डी फॉरेस्ट यांनी हक्क सांगितला. खटला वीस वर्षे चालला आणि १९३४ साली सर्वोच्च न्यायालयात आर्मस्ट्राँग हरले. रेडिओ इंजिनिअरांच्या संस्थेने त्यांना पूर्वी दिलेले मानचिन्ह ते परत करायला गेले. संस्थेने ते घेतले नाही, शोध तुमचाच असे सभेत ठणकावून सांगितले.

एफएमच्या बाबतीत आरसीएने १९४० मध्ये दहा लाख डॉलर एकरकमी देऊ केले. इतर कंपन्या विक्रीवर हिस्सा देत होत्या, तसाच हिस्सा आरसीएनेही द्यावा असे म्हणून त्यांनी ते नाकारले. जुलै १९४८ मध्ये त्यांनी आरसीएवर दावा लावला. तारखांवर तारखा पडल्या. १९५० मध्ये पेटंटांची मुदत संपली, पैसा आटला, तब्येत आणि घर दोन्ही विस्कटले. ३१ जानेवारी १९५४ च्या रात्री, वयाच्या ६३ व्या वर्षी, त्यांनी आपले जीवन संपवले.

जमिनीच्या वादात तारखा मोजणाऱ्या आपल्या माणसांना हे दुःख परके नाही. हक्कासाठी भांडावे, पण ते ओझे एकट्याने वाहू नये. घरच्यांशी बोलावे, शेजाऱ्याशी बोलावे. कुणीच जवळचे वाटत नसेल तर टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, त्यावर फुकट बोलता येते.

कारण त्यांच्या पश्चात काय झाले बघा. मॅरियनबाईंनी खटले सोडले नाहीत. त्याच वर्षअखेर आरसीएने सुमारे दहा लाख डॉलर देऊन तडजोड केली. एकेक कंपनी करत १९६७ पर्यंत मॅरियनबाई सगळे दावे जिंकल्या किंवा मिटवून बसल्या.

सरपंच आणि ग्रामसेवक मंडळींना एवढेच सांगणे. ग्रामपंचायतीच्या किंवा समाजमंदिराच्या इमारतीवर एक उंच काठी, एक चांगली अँटेना आणि बाहेरची खाच असलेला एक सेट बसवला, तर हवामानाचा इशारा साऱ्या गावाला एकदम ऐकता येईल. मोबाइलचे नेटवर्क गेले, वादळात लाइन गेली, तरी बॅटरीवरचा सेट बोलतो. खर्च सेटवर कमी आणि काठीवर नीट करा. आणि हे काम मृगाच्या आधी उरका.